डाव्या हाताचा भाऊ

'ब्रदर्स' या व्हिडिओ गेममधला थोरला भाऊ पहिले दोन दिवस आपल्याच मनानं डावीकडे चालत सुटायचा. मी हातातल्या कंट्रोलरच्या डाव्या स्टिकवरून, म्हणजे अंगठ्यानं ढकलायच्या दांडीवरून, अंगठा उचलला तरी थांबायचा नाही. धाकटा जिथे उभा केला तिथेच उभा, आणि हा भिंतीला नाक लावून पाय हलवतोय. शेवटी मुलाला हैदराबादला फोन केला. तो म्हणाला, "आई, गेममध्ये काही बिघाड नाही. सहा वर्षं वापरलाय तो कंट्रोलर, डावी स्टिक झिजली असणार. तपकीर गल्लीत दे, होईल तासाभरात." पुण्याच्या बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत, एका टेबलाएवढ्या दुकानात मी तो घेऊन गेले. दुकानदारानं स्क्रू काढून आतली कार्बनची बारीकशी पट्टी दाखवली. अंगठ्यानं ढकलून ढकलून ती एका बाजूला पार घासून गेली होती. मला माझ्या पहिल्या डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याची, पुडी (वरचं कातडं) आठवली. मनगट टेकून टेकून तीही अशीच एका जागी गुळगुळीत झाली होती.

मी तबला शिकवते. कर्वेनगरला राहत्या घरीच क्लास आहे, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची, प्रवेशिकेपासून विशारदपर्यंतची मुलं येतात. वय ५२. गेमशी माझा संबंध मुलाच्या खोलीच्या दारापर्यंत होता, आत कधी गेला नव्हता. एकच प्रसंग मनात राहिलेला. इंजिनिअरिंगला असताना तो 'रेड डेड रिडेम्प्शन २' खेळायचा. १८९९ सालातली अमेरिका, आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर आणि त्याचा घोडा. त्या घोड्याला हा रोज खरारा करायचा, गाजरं खाऊ घालायचा, मान थोपटायचा. जितकं करावं तितका घोडा जवळचा होतो, अशी त्यात सोयच आहे. एका रात्री एक वाजता तो खोलीतून बाहेर आला आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला. डोळे लाल. घोडा गेला होता. मी म्हटलं, "अरे, चित्रातला घोडा तो." तो म्हणाला, "हो गं. पण थोपटत तर मीच होतो ना."

तेव्हा माझ्याकडे त्यावर बोलायला काही नव्हतं. 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' खेळल्यावर त्याचं म्हणणं मला कळलं, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

हा गेम मूळचा २०१३ चा. स्वीडनमधल्या स्टारब्रीझ स्टुडिओनं काढलेला. दिग्दर्शक जोसेफ फारेस. लेबनॉनमध्ये जन्मलेला, स्वीडनमध्ये वाढलेला आणि आधी चित्रपट करणारा माणूस. पुढे २०२१ मध्ये त्याचा 'इट टेक्स टू' आला आणि खूप गाजला, तो माझ्या मुलानं त्याच्या मित्राबरोबर खेळला होता. 'ब्रदर्स' मात्र छोटा आहे. तीन-चार तासांत संपतो. मी सुट्टीतल्या तीन संध्याकाळी, क्लास उरकल्यावर खेळले.

गोष्ट अगदी साधी. दोन भाऊ. आई समुद्रात बुडून गेलेली, आणि ती बुडताना धाकटा होडीत होता. त्यानं हात दिला, पण तो पुरला नाही. आता वडील आजारी पडलेत. लांब एका झाडाचं पाणी आणलं तर ते वाचतील. दोघं निघतात.

खेळायची रीत ऐकून मी आधी चमकले, मग खूश झाले. कंट्रोलर एकच. डावी स्टिक आणि डावा ट्रिगर (बोटानं दाबायचं बटण) थोरल्याचा, उजवी स्टिक आणि उजवा ट्रिगर धाकट्याचा. चालवायचं स्टिकनं, आणि बाकी सगळं, म्हणजे धरणं, ओढणं, चढणं, बोलणं, त्या एका ट्रिगरनं. दोन हात, दोन माणसं. बायां आणि दायां, म्हणजे डग्गा आणि तबला.

पहिलंच काम म्हणजे वडिलांना हातगाडीवर घालून वैद्याकडे न्यायचं. गाडीला दोन दांडे. एक थोरल्यानं धरायचा, एक धाकट्यानं. दोन्ही ट्रिगर दाबून धरायचे आणि दोन्ही अंगठे एकाच दिशेला. एक हात जरा पुढे गेला की गाडी तिरकी होते, भिंतीला घासते. माझ्याकडे गणपतीच्या आधी ढोलपथकातली मुलं येतात, त्यांची हीच गत असते. उजवा जिकडे, डावा तिकडे. दोन्ही हात सुटे व्हायला सहा-आठ महिने जातात. मला हा प्रश्न पडायला नको होता, चाळीस वर्षं हेच करतेय, तरी पहिला अर्धा तास मला जड गेला. कारण इथे हात सुटे असून भागत नाही, दोन्ही हातांनी एकाच माणसाला सांभाळून न्यायचं असतं. गाडीवर वडील खोकत असतात.

मग पहिलं पाणी लागतं. लहानसा ओढा आहे. थोरला सरळ उतरतो. धाकट्याला मी उजवा अंगठा पुढे करून ढकललं, तर तो काठावरच थांबला. मागे सरकला. पोहता येत नाही असं नाही नुसतं, आई गेली त्या पाण्याची त्याला भीती आहे. थोरल्याला त्याच्यापाशी आणायचं, मग धाकट्याचा ट्रिगर दाबायचा, की तो भावाच्या पाठीला धरतो. उजवा ट्रिगर दाबूनच ठेवायचा, सोडला तर हात सुटतो. पोहायचं डाव्या हातानं. हे गेममध्ये पुढे किती वेळा येतं ते मी मोजलं नाही, पण शेवटी शेवटी पाणी दिसलं की माझा डावा अंगठा आपसूक थोरल्याला धाकट्यापाशी घेऊन यायचा. मी त्याला विचारतही नव्हते.

संपूर्ण गेममध्ये कळेल असा एक शब्द नाही. माणसं बोलतात, पण ती भाषा बनवलेली आहे, आणि खाली लिहूनही येत नाही. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, टीव्हीवरचं इंग्रजी लागलं की उठून जातात. त्या तिन्ही संध्याकाळी लसूण सोलत बसून राहिल्या. भावांची नावं त्यांना कळली नाहीत, मलाही नीटशी कळली नाहीत, आम्ही थोरला आणि धाकटा असंच म्हणत होतो. स्वभाव मात्र पहिल्या गावातच कळतात. वाटेत कुणी भेटलं आणि थोरल्याचा ट्रिगर दाबला तर तो नकाशा दाखवून रस्ता विचारतो. धाकट्याचा दाबला तर तो काहीतरी खोडी काढतो. विहिरीपाशी नेलं तर आत थुंकला. सासूबाई म्हणाल्या, "कार्टं आहे अगदी," आणि त्यानंतर त्या सारख्या "आता धाकट्याला ने, धाकट्याला ने" म्हणायला लागल्या. वाटेत जागोजागी बाकं आहेत. दोघांना बसवलं की ते दरीकडे बघत बसतात. खेळात त्याचा काही उपयोग नाही, गुण मिळत नाहीत, पुढची वाट उघडत नाही. मी प्रत्येक बाकावर बसवलं.

एक प्रसंग फार आवडला. दोघांच्या कमरेला एकच दोर बांधलेला आणि उंच कड्याच्या बाजूनं चढायचं. एकानं भिंतीला घट्ट धरून ठेवायचं, तोवर दुसऱ्यानं हात सोडून झोका घ्यायचा आणि पुढची कडा पकडायची. मग त्यानं धरायचं, ह्यानं सोडायचं. डावा धर, उजवा सोड. उजवा धर, डावा सोड. दोन्ही एकदम सुटले तर दोघंही गेले. चार-पाच झोक्यांत याला एक लय येते, आणि ती लय आली की बोटं विचार करायचं थांबवतात. या ठिकाणी मी एकदा मुद्दाम हळू खेळले, नुसती लय अनुभवायला.

आता खटकलेलं सांगते. कोडी फार सोपी आहेत, ज्यांना डोकं लावायची हौस आहे त्यांना हा गेम पुरणार नाही. दुसरं म्हणजे, थोरला पडद्याच्या उजव्या बाजूला गेला आणि धाकटा डाव्या, की गोंधळ उडतो. डोळा एक सांगतो, हात दुसरं करतो. एकदा अशानं मी धाकट्याला सरळ दरीत घातला. मग मी नियमच केला, थोरला कायम डावीकडे ठेवायचा. खेळणाऱ्यानं असा नियम शोधायला लागू नये, हे बनवणाऱ्यांना आधीच सुचायला हवं होतं.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर. वाटेत एका मुलीला हे दोघं बळी जाण्यापासून वाचवतात. थोरला तिच्यात गुंततो, धाकटा ओढून ओढून सांगतो की ही बरी नाही. आणि ती खरंच कोळीण निघते, आठ पायांची, आणि थोरल्याच्या पोटात वार करते. इतका जपून केलेला गेम, आणि सगळ्यात मोठा घाव कुणाकडून, तर रूपानं भुलवणाऱ्या बाईकडून. ही युक्ती जुनी आहे आणि मला ती पटली नाही. तिच्या जागी साधा अपघात असता तरी पुढचं सगळं तितकंच लागलं असतं.

आणि पालकांसाठी एक. चित्रं गोष्टीच्या पुस्तकातली वाटली तरी गोष्ट कठोर आहे. मेलेल्या राक्षसांचं रणांगण आहे, रक्तानं लाल झालेलं पाणी आहे. घरदार जळून गेलेला एक माणूस झाडाला गळफास लावून घेताना दिसतो. एका भावानं त्याला खालून उचलून धरायचं आणि दुसऱ्यानं वर चढून सोडवायचं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना एकटं बसवू नका. शेजारी बसा.

यापुढे शेवट सांगणार आहे. खेळायचा असेल तर इथेच थांबा आणि खेळून परत या.

झाडापाशी पोचेपर्यंत थोरला फार जखमी झालेला असतो. तो खाली राहतो, धाकटा एकटा वर चढून पाणी आणतो. परत येतो तोवर भाऊ गेलेला असतो. इतर गेममध्ये इथे पडदा काळा होऊन पुढचा प्रसंग आला असता. इथे तसं होत नाही. खड्डा आहे, शेजारी माती आहे, आणि कंट्रोलर तुमच्या हातात आहे. धाकट्याला भावाजवळ न्यायचं, उजवा ट्रिगर दाबून धरायचा, आणि ओढायचं. तो हळूहळू सरकतो. मग माती. एकदा लोटून होत नाही, परत मागे यायचं, परत लोटायचं. सासूबाईंनी लसणाची परडी बाजूला ठेवली.

या सगळ्या वेळात माझा डावा अंगठा डाव्या स्टिकवरच होता. उचलावा असं सुचलंच नाही. मधे एकदा ढकलून पाहिला. काहीच हललं नाही.

त्रिताल, म्हणजे सोळा मात्रांचा ताल, ज्यांना माहीत आहे त्यांना लगेच कळेल म्हणून सांगते. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्गा मोकळा बोलत नाही. तबला चालू असतो, लय चालू असते, पण खालचा घुमारा गेलेला असतो. तालाच्या या भागाला 'खाली' म्हणतात. नवख्या श्रोत्याला ते सांगता येत नाही, पण त्याचा कान तिथे डग्ग्याची वाट बघतो, आणि चौदाव्या मात्रेचा धिं आला की मान आपोआप हलते. थोरला गेल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं अशी आहेत. उजवा हात चालतोय आणि डावा नाही. हे दुःख मला कुणाच्या चेहऱ्यावर वाचायला लागलं नाही, ते माझ्या अंगठ्याखाली होतं.

मग धाकटा घराजवळ पोचतो. वादळ, पाऊस, आणि गाव पाण्याच्या पलीकडे. काठावर नेला तर तो थांबला. मागे सरकला. उजवा ट्रिगर दाबला, काही नाही. पुन्हा नेला, पुन्हा मागे. चौथ्यांदा मी त्याला पाण्याशी उभा केला, आणि माझं डावं बोट थोरल्याच्या ट्रिगरवर गेलं. मी ठरवलं नव्हतं. इतके दिवस पाणी दिसलं की जे करत होतं तेच ते बोट करायला गेलं. आणि धाकटा पाण्यात उतरला. पोहायला लागला. बोट सोडलं की थांबतो, दाबलं की पोहतो. उजवा अंगठा त्याला दिशा देतोय आणि भावाचं बटण त्याला तरंगतं ठेवतंय. मला समोरचं दिसेना झालं. सासूबाईंना बटणांचं काही माहीत नव्हतं, त्यांनी फक्त माझ्या हाताकडे पाहिलं. पलीकडे गेल्यावर एक जड कामही तसंच करायचं असतं, जे आधी कायम थोरला करायचा. पुन्हा तोच ट्रिगर.

माझे गुरुजी शनिवार पेठेत राहायचे. एक खोली, एक खिडकी, खाली सायकलींच्या घंट्या. माझा डग्गा बोलायचा नाही. बोटं पडायची, पण मनगटाचा भार कुठे द्यायचा ते कळायचं नाही. गुरुजी समोरून उठून मागे यायचे आणि माझ्या डाव्या हातावर आपला डावा हात ठेवायचे. मैदानावरून (पुडीच्या मोकळ्या कातड्यावरून) शाईकडे (काळ्या ठिपक्याकडे) मनगट सरकवत न्यायचे, जरा दाबून, जरा सोडून. त्यांचा हात जड आणि कोरडा होता. किती वर्षं ते असं करत होते सांगता येणार नाही. २०११ साली ते गेले. पाच-सहा वर्षांनी एक ज्येष्ठ गुरुबंधू माझ्या घरी आले. मी आत रियाज करत होते. ते दाराशीच थांबले, बेल वाजवली नाही. मी बाहेर आले तेव्हा म्हणाले, "अगं, डग्गा ऐकून वाटलं आत गुरुजी बसलेत." तबलजींच्या बोलण्यात हात हा शब्द फार येतो. हात कुणाचा आहे, हात कुणी घडवला. तो शब्द मी रोज वापरते. वादळातल्या त्या पाण्याच्या काठावर तो मला माझ्या बोटात जाणवला.

म्हणून मला वाटतं की गेममधल्या माणसांचा लळा लागण्याचं कारण त्यांचे चेहरे, त्यांची भाषणं यांत शोधू नये. ते काम सिनेमाही करतो. खेळणाऱ्यानं त्या माणसासाठी पुन्हा पुन्हा काय केलं, कोणत्या बोटानं केलं, तिथे ते बसलेलं असतं. शेवट खेळून झाल्यावर मुलाशी बोलले तर त्यानं २००१ च्या 'इको' या जपानी गेमबद्दल सांगितलं. त्यात एक मुलगा एका मुलीला किल्ल्यातून बाहेर काढतो, आणि तिचा हात धरायला एक बटण दाबूनच ठेवावं लागतं. बटण सोडलं की हात सुटला. मी म्हटलं, म्हणजे तुझा घोडाही हाच. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "तू आत्ता समजलीस ते."

'ब्रदर्स'ची नवी आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, अवांतगार्डन या स्टुडिओनं केलेली. चेहरे, गवत, पाणी, उजेड सगळं नव्यानं घडवलंय, आणि संगीत खऱ्या वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतलंय. संगीताचा फरक मला पहिल्याच कबरीच्या प्रसंगात ऐकू आला, तंतुवाद्यांना आता श्वास आहे. चेहऱ्यांचं मात्र मी उलट म्हणेन. जुन्या आवृत्तीत धाकट्याचा चेहरा ओबडधोबड आहे, त्यामुळे त्याचं वाईट वाटणं माझ्याकडे यायचं. नव्यात ते आधीच त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. दोन्ही स्वस्तात मिळत असतील तर मी जुनीच घ्यायला सांगेन. साध्या कॉम्प्युटरवरही ती चालते, पण कंट्रोलर हवाच. कीबोर्डवर दोन्ही हात एकाच पाटीवर येतात आणि डाव्या-उजव्याची सगळी मजा जाते.

नव्या आवृत्तीत दोघांनी मिळून खेळायची सोय दिली आहे, एक भाऊ तुमचा, एक तुमच्या जोडीदाराचा. बहीण-भावाला ते करायला मजा येईल हे मी समजू शकते. पण पहिल्यांदा तसं अजिबात खेळू नका. थोरला दुसऱ्याच्या हातात असेल तर तो गेल्यावर रिकामा होणारा हात तुमचा नसेल, आणि पाण्याच्या काठावर जे बोट तुम्हाला वाचवतं ते तुमच्याकडे नसेल.

माझा सहावीतला एक विद्यार्थी आणि त्याची ताई मागच्या महिन्यात दोघं मिळून खेळायचं म्हणून हट्ट धरून बसले होते. मी त्याच्या आईला विचारून त्याला एकट्याला बसवलं, ताईला सांगितलं तुझी पाळी पुढच्या रविवारी. जुनी आवृत्ती, दुरुस्त केलेला तोच कंट्रोलर. थोरल्याला पुरताना तो काही बोलला नाही, फक्त पाय वर घेऊन मांडी घातली, तबल्याला बसतो तशी. मग पाणी आलं. सात-आठ वेळा त्यानं धाकट्याला काठावर नेलं आणि तो सात-आठ वेळा मागे आला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही. माझं डावं बोट मी मांडीवर घट्ट दाबून धरलं होतं.